वाटीतले चार थेंब
३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सहसा साधत नाही. आईचे दूध काढून नळीने पोटात पोचवावे लागते. पहिल्या दिवशी वाटीत चार थेंब दिसले, की घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, “हिला दूधच नाही!” हा निवाडा आम्हांला घाईचा, किंबहुना क्रूर वाटतो. चीक थोडाच असायचा. पण कोवळ्या आतड्याला तोच जपतो. शिवाय दूध काढल्यानेच वाढते: दिवसरात्रीतून आठ वेळा, हाताने वा पंपाने. रात्रीची पाळी चुकवू नये. तरीही न पुरल्यास दुग्धपेढी असते. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात काढलेली पेढी आशियातली पहिली. पेढीत इतर मातांचे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात काही रक्षक द्रव्ये उणावतात. म्हणून आईचे थेंब आधी, पेढीचे दूध नंतर.