गांजा, मंत्रचळ आणि दोन जंगल जिल्हे

1893 साली सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. सगळा मुलूख मध्य प्रांतातल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात मोडायचा आणि प्रांताला लागणारा गांजा खांडव्याकडच्या परवान्याच्या शेतांतून यायचा. गांजाने माणूस वेडा होतो का, हा कमिशनपुढचा एक मोठा प्रश्न होता. त्यासाठी देशभरातल्या वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उघडली गेली. रुग्णाला घेऊन येणारा पोलीस जे सांगेल, तेच बऱ्याचदा आजाराचं कारण म्हणून रकान्यात उतरत असे. 1892 च्या 222 रुग्णांच्या नावापुढे गांजा-भांग-चरस असं कारण होतं. एकेकाची चौकशी झाल्यावर त्यातले 98 उरले. गांजाविषयी बोलताना आधी नीट चौकशी करावी, हा धडा मला आजही मोलाचा वाटतो.

त्या दप्तरांत मंत्रचळाचे, म्हणजे आजच्या भाषेत ओसीडीचे रुग्ण सापडणं कठीणच. हा माणूस शेतावर जातो, संसार करतो, फक्त वीसदा हात धुतो, कडी लावली का ते दहादा पाहतो आणि हे सगळं लपवतो. त्याच्यासाठी औषधांखेरीजची खरी उपचारपद्धत 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी मांडली. तिलाच पुढे एक्सपोजर थेरपी म्हटलं गेलं. विटाळाची भीती असलेल्या बाईने बोरिंगच्या दांड्याला हात लावायचा आणि हात न धुता बसून राहायचं. शेजारी थेरपिस्ट असतो. जीव कासावीस होतो, घाम फुटतो, हात पाण्याकडे ओढतात. तरी धुवायचं नाही. बऱ्याचदा पाऊण-एक तासात घालमेल आपसूक उतरू लागते. असं रोज केलं की धुतल्यावाचूनही आपलं काही बिघडत नाही, हे मनाला अनुभवाने पटतं.

आता यात गांजा आणला तर? हात धुण्याने जी तात्पुरती सुटका मिळते, तीच एका झुरक्याने मिळू शकते. मग भीती पाण्याऐवजी चिलमीने शमते, आणि शिकायचं ते राहूनच जातं. दुसरीकडे, गांजा मेंदूतल्या ज्या कॅनाबिनॉइड यंत्रणेवर काम करतो, तिचा भीती विझण्याच्या प्रक्रियेत हात असतो, हे 2002 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं होतं. म्हणून संशोधकांनी प्रश्न गंभीरपणे घेतला, आणि ते योग्यच झालं. 2020 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगात ओसीडीच्या रुग्णांना गांजा ओढायला दिला. लक्षणं उतरली, पण अर्क काढून घेतलेल्या नकली गांजानेही ती तितकीच उतरली. त्याच वर्षी नॅबिलोन या, गांजातल्या टीएचसी या नशेच्या घटकासारख्या बनवलेल्या औषधाची 11 जणांवर चाचणी झाली. नुसतं औषध घेणाऱ्यांना जेमतेम फरक पडला, एक्सपोजरसोबत घेणाऱ्यांना बराच. पण नुसतं एक्सपोजर घेणारा तिसरा गट तिथे नव्हता, त्यामुळे श्रेय औषधाचं की थेरपीचं, हे त्यावरून ठरत नाही. 2021 च्या एका अमेरिकी अभ्यासात 87 जणांनी मोबाइलवर ठेवलेल्या नोंदींनुसार गांजा ओढल्यावर कृतींची ओढ 60 टक्क्यांनी कमी वाटली. मात्र पुढच्या वेळी ओढायला बसताना त्रासाची पातळी बहुधा पहिल्याइतकीच असे.

आपल्या या दोन जिल्ह्यांत गेल्या चाळीसेक वर्षांत काय झालं? 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा झाला. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने गांजा गुन्हा ठरला, भांगेची पानं सुटली. गावागावांतल्या बायांनी लढा दिला तो दारूविरुद्ध. 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. चंद्रपुरात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. 2016 पासूनच्या मुक्तिपथ या व्यसनविरोधी उपक्रमाचा रोखही दारू आणि तंबाखूवर आहे. हे काम मोठंच आहे. पण व्यसनामागे दडलेल्या भीतीच्या आजाराकडे बघायला माणसं कमी पडली. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ओसीडीचं प्रमाण प्रौढांमध्ये 0.76 टक्के आढळलं. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याला लागून असलेलं छत्तीसगड होतं. तेच प्रमाण धरलं, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून रुग्णांचा आकडा पंधरा हजारांच्या पुढे जातो.

माझं मत स्पष्ट आहे. गांजाला उपचाराची जोड म्हणून आज आधार नाही. कुणी ओढत असेल, तर त्याला पोलिसाचा धाक दाखवण्याआधी तो कशापासून सुटका शोधतोय ते विचारावं. डॉक्टरनेही हा प्रश्न न चिडता विचारावा आणि रुग्णाने खरं सांगावं, कारण झिंगेत केलेला सराव शुद्धीत टिकेलच असं नाही. चंद्रपुरात 2015 पासून आणि गडचिरोलीत 2024 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागांनी एक्सपोजर थेरपी शिकलेली माणसं तयार करावीत, गोंडी-माडिया बोलणारी आधी. तोवर घरात कुणाचे हात धुऊन धुऊन सोलवटले असतील, तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं.