न दिसणाऱ्या स्नायूची शिकवणी

फिजिओथेरपी विभागात पन्नाशीच्या पुढच्या बायका येतात त्या गुडघा नाहीतर कंबर दुखते म्हणून. गुडघा वाकवून बघता बघता इथल्या डॉक्टर सहज विचारतात, "मावशी, खोकताना-शिंकताना लघवी होते का हो?" मावशी आधी दाराकडे बघतात, मग हळूच म्हणतात, "वय झालं आता. चालायचंच." तेवढं ऐकलं की डॉक्टर पडदा ओढून घेतात.

अशाच एका मावशींची परवानगी घेऊन मी आत स्टुलावर बसले. मावशी साठीच्या. चार बाळंतपणं, शेतातली ओझी, जुना खोकला, त्याहून जुनं बद्धकोष्ठ. डॉक्टरांनी कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा पुढे धरला. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू झोळीसारखे बांधलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार त्यांच्यावर. बाळंतपणात ते ताणले जातात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि तिथलं आवरण पातळ होतं. त्यात खोकल्याचा, कुंथण्याचा दाब वर्षानुवर्षं पडत राहिला की आधार ढिला होतो. मग कुणाची लघवी निसटते, कुणाचं अंग खाली येतं.

हे स्नायू बळकट करायच्या व्यायामाला केगेल म्हणतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांनी स्नायूचा दाब मोजणारं एक उपकरणही केलं होतं. आपण आवळतोय ते बरोबर की चूक, हे त्या बाईला काट्यावर दिसायचं. उपकरणाची गरज का पडली असेल, ते पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

"गॅस अडवतो ना, तसं आत आणि वर ओढा."

मावशींनी जोर लावला. मांड्या थरथरल्या, कंबर उचलली, श्वास कोंडला, पोट फुगलं. हवं होतं त्याच्या नेमकं उलट, सगळा जोर खाली. जन्मभर हंडे वाहिलेल्या बाईकडे ताकदीला तोटा नव्हता. सवय होती ती सगळं अंग एकदम लावायची, आणि इथे बाकीचं अंग सोडून द्यायचं होतं. डॉक्टरांनी एक हात पोटावर ठेवला आणि विचारून, हातमोजा घालून दुसऱ्या हाताच्या बोटाने आतून तपासलं. या स्नायूंची ताकद ० ते ५ अशी नोंदतात. बऱ्याच प्रयत्नांनंतर डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता! हेच."

"एवढंच?" मावशींना पटेना.

एवढंच. ३ सेकंद धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. ८ वेळा, दिवसातून ३ वेळा. जमेल तसं ८-१० सेकंदांपर्यंत न्यायचं. निदान ३ महिने. सैल सोडणं हा व्यायामाचा अर्धा भाग. काहींचे स्नायू आधीच आखडलेले असतात. त्यांना आधी सोडायलाच शिकवतात. म्हणून व्हिडिओ बघून नुसतं आवळत बसू नये. लघवी करताना मध्येच अडवून सरावही करू नये.

यानंतर वेळ साधायची. खोकला येतोय असं वाटताच आधी आवळायचं, मग खोकायचं. बादली उचलताना श्वास सोडायचा. शेवटी हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, म्हणजे मांड्याही बळकट होतात. मांड्यांचं बळ कशाला, तर रात्री लघवीच्या घाईत उठून अंधारात पडणं आणि ठिसूळ झालेलं खुब्याचं हाड मोडणं या वयात वेगळं काढता येत नाही.

घरून लिहून आणायला एक वही देतात: काय प्यायलात, किती वेळा गेलात, कधी निसटलं. मावशींची वही नात लिहिते. पहिल्या पानावर पाणी जेमतेम, आणि गावाला जायच्या दिवशी चहा बंद. डॉक्टर पाणी वाढवायला सांगतात, कारण कमी पाण्याने लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं आणि बद्धकोष्ठही वाढतं.

व्यायामाने सगळंच बरं होत नाही. अंग बाहेर आलेलं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतात. तिथे रिंग बसवतात किंवा शस्त्रक्रिया ठरते. लघवीत रक्त किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला तर आधी त्याची तपासणी.

ठरलेली मुदत संपल्यावर मावशींच्या ताकदीचा आकडा २ वरून ३ झाला. डॉक्टर त्यावर खूश. मावशींना आकड्याचं काही नव्हतं. त्यांनी वहीतलं एक पान काढून दाखवलं: गावाला जायचा दिवस, आणि एस.टी.त बसण्याआधी एक कप चहा.