टोकन देण्याआधी वकील

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात 'जाहीर नोटीस' छापलेली असते. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, विकणाऱ्याचं नाव आणि मग ठरलेली मागणी: या मिळकतीत कोणाचा वारसाहक्क, गहाण, बोजा, ताबा किंवा इतर कसलाही हितसंबंध असेल, तर चौदा दिवसांत लेखी पुराव्यासह कळवावं. खाली वकिलाचं नाव आणि पत्ता. बहुतेक वाचक हा मजकूर ओलांडून पुढे जातात. पण अशा प्रत्येक नोटिशीमागे कुणीतरी आयुष्यभराची पुंजी घालायला निघालेलं असतं, आणि त्याच्या वतीनं एक वकील गावाला, भाऊबंदांना आणि सावकारांना जाहीरपणे विचारत असतो की तुमचं काही म्हणणं आहे का.

अशी नोटीस दिलीच पाहिजे, असं कायदा सांगत नाही. मुदतीत हरकत आली नाही म्हणून खऱ्या वारसाचा हक्क बुडतही नाही. तरीही जाणता वकील ती देतो. मुंबईला गेलेला चुलता, सासरी असलेली आत्या, जुन्या उसनवारीत जमीन लिहून घेतलेला कुणी, यांच्यापैकी एखादा या नोटिशीमुळे पैसे देण्याआधी पुढे येतो. कुणी आलं नाही, तरी पुढे वाद झाल्यास खरेदीदारानं योग्य ती चौकशी केली होती, हे दाखवायला ती उपयोगी पडते.

घर घेणारं मराठी कुटुंब फ्लॅट हिंडून पाहतं, बँकांच्या व्याजदरांची तुलना करतं, वास्तू पाहतं. वकील येतो तो साठेखत टाइप करायची वेळ झाली की. तोवर टोकन दिलेलं असतं, विसारपावती झालेली असते, एजंट रोज फोन करत असतो. अशा वेळी वकिलानं शंका काढली, तर तीही अडथळ्यासारखी वाटते. हा क्रम उलटा हवा. वकिलाचा सल्ला सगळ्यात जास्त मोलाचा असतो तो खिशातला पहिला रुपया बाहेर पडण्याआधी.

याचं मूळ नोंदणीबद्दलच्या एका मोठ्या गैरसमजात आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघाला, अंगठा उमटला, शिक्का बसला, म्हणजे मालकी पक्की झाली, असं लोक धरून चालतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं के. गोपी या तमिळनाडूतल्या प्रकरणात याबद्दल स्पष्ट निकाल दिला. विकणाऱ्यानं आपल्या मालकीचे आधीचे कागद दाखवले नाहीत तर दस्त नाकारण्याचा अधिकार देणारा तिथला नियम न्यायालयानं रद्द केला. विकणाऱ्याची मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं कामच नाही, असं न्यायालयानं सांगितलं. दस्त नोंदवला जातो, पण विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीदाराला मिळतो. हक्क नसेल तर काहीच मिळत नाही. सातबाऱ्याचंही तसंच. तो महसुलाचा कागद आहे आणि केवळ त्यावर नाव लागल्यानं मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीत नोंदलेल्या मालकीला सरकारची हमी असते. आपल्याकडे ती हमी नाही, म्हणून मालकीचा शोध खरेदीदारालाच घ्यावा लागतो आणि तो त्याच्या वतीनं वकील घेतो.

या शोधाला बोलीभाषेत नुसतं 'सर्च' म्हणतात आणि तो साधारणपणे तीस वर्षांचा असतो. तीसच का, तर मुदतीच्या कायद्यानुसार खाजगी मालकाला ताब्यासाठी दावा लावायला बारा वर्षं मिळतात, पण गहाण सोडवून घ्यायला आणि सरकारला दावा लावायला तीस वर्षं. वकील किंवा त्याचा सर्च क्लार्क सूची क्रमांक दोनच्या नोंदी पाहतो, जुने फेरफार काढतो, मालमत्ता पत्रक तपासतो. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना अनुभवी डोळा आधी वाचतो, कारण कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, हस्तांतरावरची बंदी तिथेच दिसते. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलं असेल, तर परवानगीशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही.

तरी नोंदवहीत न दिसणारं बरंच काही उरतं, आणि त्यात सर्वांत जास्त घात करतात ते वगळलेले वारस. महाराष्ट्रात वडील गेल्यावर फेरफारात फक्त मुलांची नावं लागली आणि बहिणींना कुणी विचारलंच नाही, अशी उदाहरणं गावोगाव सापडतात. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र सुरक्षित राहिल्या. म्हणून चांगला वकील विकणाऱ्याला वंशावळ मागतो, प्रत्येक बहीण कुठे आहे हे विचारतो आणि तिचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का ते पाहतो. साध्या स्टँप पेपरवर घेतलेली सही इथे चालत नाही. हे प्रश्न कधी कधी विकणाऱ्याला अपमानासारखे वाटतात. ते तरीही विचारावेत, कारण त्या बहिणीचा हक्क खरा आहे आणि खरेदीदाराचा पैसाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये हाच घोळ नॉमिनीच्या रूपानं येतो. सोसायटीत नाव लागलेला नॉमिनी वारसांच्या वतीनं तात्पुरता सभासद असतो. एकट्या त्याच्याकडून फ्लॅट घेणं धोक्याचं.

'बँकेनं कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद बरोबरच असणार', हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी काम करतो, आणि बँकेला चिंता असते दिलेल्या कर्जापुरती. त्याच्या अहवालाची प्रत कर्जदाराला मिळेलच असंही नाही. वकिलाचं मत चुकलं तर काय, याचं उत्तर जड आहे. २०१२ च्या के. नारायण राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, कटात सहभाग असल्याचा पुरावा नसेल, तर केवळ चुकीच्या अभिप्रायासाठी पॅनेल वकिलावर फौजदारी खटला चालवता येत नाही. मे २०२४ मध्ये आणखी एक दार बंद झालं. वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात तक्रार करता येणार नाही, असा निकाल लागला. दिवाणी दावा किंवा बार कौन्सिलकडे तक्रार एवढेच मार्ग उरतात, आणि दोन्ही लांबचे. म्हणून निवड आधीच नीट करायची.

निवडताना पहिली गोष्ट, वकील फक्त आपला हवा. एकाच वकिलानं दोन्ही बाजूंचे कागद करणं तालुक्याच्या गावी सर्रास चालतं, आणि बिल्डरचा वकील 'सगळं मीच बघतो' म्हणतो तेव्हा खर्च वाचल्यासारखाही वाटतो. पण दोन बाजूंचं हित जिथे वेगळं होतं, नेमकं तिथेच त्याला गप्प बसावं लागतं. दुसरी गोष्ट, दिवाणी आणि मिळकतीच्या कामाचा सराव. फौजदारीत नाव कमावलेला वकील फेरफार वाचण्यात तितकाच तरबेज असेल असं नाही. वकिलांना जाहिरात करायला बंदी असल्यामुळे इथे ओळखीपाळखीतूनच चौकशी करावी लागते, पण ती एजंटकडे करू नये. मुंबईत सॉलिसिटरची वेगळी परीक्षा आजही होते आणि तिथल्या जुन्या फर्म्सचा दस्तलेखनात मोठा अनुभव आहे. साध्या फ्लॅटसाठी मात्र त्या भागातल्या सोसायट्यांचे कागद रोज हाताळणारा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असलेला वकील पुरेसा असतो. फी आधी लेखी ठरवावी: सर्च, अभिप्राय, जाहीर नोटीस, साठेखताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, यातलं काय काय तिच्यात येतं? 'व्यवहार झाला तरच फी द्या' अशी सवलत नाकारलेली बरी, कारण मग व्यवहार मोडण्याचा सल्ला देणं वकिलालाच महागात पडतं.

अभिप्रायाची व्याप्तीही विचारून घ्यावी. टायटल निर्वेध असूनही इमारत बेकायदा असू शकते. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये पाचव्या मजल्याच्या वरचे मजले मंजुरीशिवाय उभे राहिले होते. १९८० च्या दशकातल्या त्या इमारतींतल्या रहिवाशांची याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१३ मध्ये फेटाळली आणि जून २०१४ मध्ये पालिकेनं त्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडला. लोक तिथे दशकानुदशकं राहत होते. म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र तपासणं हा वकिलाच्या कामाचा भाग असेल, असं कागदावर लिहून घ्यावं.

गोव्यात घर घेणाऱ्या पुण्या-मुंबईकरांनी तर तिथलाच वकील गाठावा. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे तिथे पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते, त्यामुळे प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते, अगदी जावयाची आणि सुनेचीसुद्धा. २०२२ मध्ये राज्य सरकारनं जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमलं. परदेशी गेलेल्या किंवा मरण पावलेल्या मालकांच्या जमिनी बनावट जुन्या कागदांच्या आधारे विकल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या.

विकणाऱ्यालाही वकील लागतो, हे सहसा कुणी सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार मिळकतीतला किंवा मालकीतला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. दडवलेली गोष्ट पुढे त्याच्यावरच उलटते. विकणारा अमेरिकेत किंवा दुबईत राहत असेल, तर पन्नास लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला लागणारा एक टक्का टीडीएसचा नियम त्याला लागू होत नाही, कपात बरीच जास्त होते. ती कमी करण्यासाठीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून वेळेवर घ्यावा लागतो. त्याच्या वतीनं भाऊ कुलमुखत्यारपत्रावर सही करणार असेल, तर ते पत्र अजून लागू आहे आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे, याची खात्री खरेदीदाराच्या वकिलानं करायची असते.

सही झाल्यावर वकिलाला लगेच निरोप देऊ नये. सोसायटीच्या भागदाखल्यावर नाव चढवणं, मूळ कागदांची पूर्ण साखळी ताब्यात घेणं, सूची दोनची प्रत तपासणं ही कामं उरतात. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आलीच, तर मंडळ अधिकाऱ्यासमोर खरेदीदाराची बाजू मांडण्याचं काम त्या फीमध्ये धरलं आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं.