शॉकअप कुठे बांधायचा?

वाङ्मय मंडळाच्या अंकात गॅरेजचा विषय कशाला, असं विचारणारे भेटणारच. माझं उत्तर सोपं आहे: एका चुकीच्या नावामुळे. इंग्रजीत ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’, पुस्तकी मराठीत ‘धक्काशोषक’, आणि आपल्याकडच्या गॅरेजात सरळ ‘शॉकअप’. यातली पहिली दोन नावं दिशाभूल करतात. खड्ड्यातला धक्का झेलतो तो पाटा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. गाडीचं वजनही तोच पेलतो. पण दाबलेला पाटा सुटला की वरखाली नाचत राहतो, आणि तो नाच थांबवणं हे शॉकअपचं काम. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून रेटलं जाताना नाचाची सगळी ताकद उष्णतेत जाते. ब्रिटिश इंग्रजीत याला ‘डॅम्पर’ म्हणतात, ते जास्त खरं.

नाव डोक्यात चुकीचं बसलं की पुढे गाडीत चूक होते. गाडी उंच केली, आता लांब शॉकअप आणून जुन्याच जागी बसवला की झालं, असं लोकांना वाटतं. खरं तर शॉकअप विकत घेण्याआधी तो बांधायचा कुठे हे ठरवावं लागतं.

आपल्या भागात उंच केलेल्या गाड्या काही कमी नाहीत. निपाणीकडे पावसाळ्यात काळ्या मातीत रुतणारे शेतरस्ते, खानापूर-जांबोटीकडे जंगलातल्या वाटा. सगळ्यांची आवडती म्हणजे १९८५ साली आलेली मारुती जिप्सी. तिला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आणि आडवा अखंड अ‍ॅक्सल. कंपनीतून येताना पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो. हौशी लोक तो अ‍ॅक्सलच्या वर घेतात, आणि गाडी एका झटक्यात चार-पाच इंच उचलली जाते. मोठी चाकं बसतात, फोटो झकास येतो. २०१० च्या थारला पाटे फक्त मागे, म्हणून तिथे हा प्रश्न मागच्या बाजूचाच.

गाडी उचलली की चासीवरचा वरचा कान आणि अ‍ॅक्सलवरचा खालचा कान यांतलं अंतर वाढतं. जुना शॉकअप आता आखूड पडतो. चाक खड्ड्यात लोंबकळलं की अ‍ॅक्सलचं सगळं वजन शॉकअपवर येतं. जो भाग नाच थांबवायला बनवला त्याच्यावर आपण वजन टांगलं. मग कधी डोळा तुटतो, कधी कानच चासीतून उपटतो. उलट, फार लांब शॉकअप घातला तर चाक वर येताना तो आतून पूर्ण मिटतो आणि दट्ट्या तळावर हातोड्यासारखा आदळतो.

म्हणून आधी मोजमाप. शॉकअप काढून ठेवायचे, चासी भक्कम लोखंडी स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, हे काही वेगळं सांगायला नको). मग एका बाजूचं चाक रबरी बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर ढकलायचं, दुसऱ्या बाजूचं पूर्ण लोंबू द्यायचं, आणि दोन्हीकडे कानापासून कानापर्यंतचं अंतर घ्यायचं.

समजा आकडे आले ११ आणि १९ इंच. म्हणजे फरक ८ इंचांचा. बंद असताना ११ आणि उघडल्यावर १९, असा शॉकअप बाजारात शोधून मिळणार नाही. कारण साधं आहे. बंद असताना दांडी नळीच्या आत मावली पाहिजे, वर डोळे, सील, दट्ट्या यांचीही जागा लागते. त्यामुळे उघडलेली लांबी बंद लांबीच्या दुप्पट कधीच होत नाही. नऊ इंच चालणारा शॉकअप बंद असताना साधारण १६ आणि उघडल्यावर २५ भरतो. आता वरचा कान साडेपाच इंच वर नेला तर आपले आकडे होतात साडेसोळा आणि साडेचोवीस. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच मोकळा राहिला. गणित सुटलं! पण त्यासाठी मागच्या हौद्याचा पत्रा कापून चासीवर नवी आडवी नळी टाकावी लागते, आणि इथेच लोक कंटाळतात.

मग पळवाट निघते: शॉकअप तिरपा टाकायचा. थोडा तिरपा चालतो. पण उभ्या रेषेपासून ३० अंश कलला की त्याची उभी पकड पाऊणपट राहते आणि ४५ अंशांवर निम्मी. कारण तोटा दोनदा होतो. चाक जेवढं हलतं त्यापेक्षा शॉकअप कमी हलतो, आणि तो जो जोर लावतो त्यातलाही एक हिस्सा आडवा वाया जातो. दुसरी पळवाट म्हणजे खालचा कान आणखी खाली लोंबवणं. तो पहिल्याच दगडाला धडकतो.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुना आखूड शॉकअप नकळत अ‍ॅक्सलला खाली जाण्यापासून अडवत होता. तो लांब केला की अडवणारं पुढचं कोण? बऱ्याचदा ब्रेकचा रबरी होज! रविवारी वाडीवरच्या मिस्सासाठी निघालेल्या गाडीत मागच्या बाकांवर सहा-सात माणसं असतात, म्हातारी मावशी असते, पेटी-तबला असतो. जंगलातल्या वाटेवर ताणलेला तो होज तवंदी घाटाच्या उतारावर दगा देऊ शकतो. चाक पूर्ण लोंबवून होज ढिला आहे ना, प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा सुटत नाही ना, हे बघूनच गाडी खाली उतरवायची.

कानाबद्दल थोडं. विहिरीचा रहाट दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, एका बाजूने धरला तर आस वाकेल. बोल्टचंही तसंच, त्याला दोन्ही बाजूंनी कान हवेत. चासीचा पत्रा पातळ, म्हणून कान थेट त्यावर न जोडता आधी रुंद पट्टी जोडावी, म्हणजे भार पसरतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी.

कायद्याचंही ऐकावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम ठामपणे उचलून धरलं. नंबर बेळगावचा केए-२२ असो, चिक्कोडीचा केए-२३ असो की कोल्हापूरचा एमएच-०९, सीमेच्या दोन्ही बाजूंना कायदा तोच. शेतात नि स्पर्धेच्या मैदानात चालवायची गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी, हा फरक आधीच करून टाकलेला बरा.

काम संपल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. आणि वेल्डिंगच्या कडेला काळा रंग मारू नये, पांढरा मारावा. भेग नेहमी वेल्डिंगच्या शेजारच्या पत्र्यात सुरू होते, आणि पांढऱ्यावर गंजाची बारीक तांबडी रेघ लगेच दिसते.