बघायचे ताट आणि खायची भूक

भाद्रपदात ज्येष्ठा गौरी आल्या, की मराठवाड्यात घरोघरी महालक्ष्म्यांच्या वर फुलोरा टांगला जातो. नळदुर्गच्या पुढे महामार्गावर वसलेले जळकोटही याच मुलखातले. करंज्या, पापड्या, वेणी, फणी असे तळलेले प्रकार दोऱ्याने वर बांधायचे, खाली लाडू-चिवड्याची ताटे मांडायची आणि नैवेद्य होईपर्यंत नुसते बघत राहायचे. त्या वेळी घरातल्या लहानांची काय अवस्था होते, ते सांगायला नको.

खाण्याचा पदार्थ सजावट म्हणून मांडण्याची ही हौस आता व्हिडिओ गेममध्येही दिसते. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा गेम २० मार्च २०२० रोजी आला. खेळणारा त्यात आपले घर सजवतो. नव्या वर्षाच्या सुमारास तिथे ‘ओसेची’ विकत मिळते. काळे सोयाबीन, माशाची अंडी, गोड ऑम्लेटच्या गुंडाळ्या, कमळाचे देठ असे जिन्नस भरलेला हा जपानी नववर्षाचा डबा टेबलावर मांडला, की खोली सणाची दिसते. खऱ्या ओसेचीत साखर, सोया सॉस, व्हिनेगर सढळ असते, कारण सणाचे पहिले तीन दिवस चूल पेटवायची नाही अशी जुनी रीत आहे.

पडद्यावरच्या चित्राला ना वास, ना चव. तरी पोट त्याची दखल घेते. जर्मनीतील म्युनिकच्या माक्स प्लांक मानसोपचार संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना चविष्ट पदार्थांची छायाचित्रे दाखवली. त्यानंतर त्यांच्या रक्तातील घ्रेलिनचे प्रमाण वाढले. घ्रेलिन हे मुख्यतः जठरात तयार होणारे, भूक चाळवणारे संप्रेरक. प्रयोगात अवघे आठ जण होते, त्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण जेवण झाल्यावरही रीळमधली मिसळ पाहून काहीतरी खावेसे का वाटते, याचा धागा इथे मिळतो.

मुलांच्या बाबतीत पुरावा अधिक ठोस आहे. नेदरलँड्समध्ये २७० शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुले गोळ्या-चॉकलेटची जाहिरात असलेला गेम खेळली, काही फळांची, तर काही खेळण्यांची. मग सगळ्यांपुढे खाऊ ठेवला. खाण्याच्या वस्तू असलेला गेम खेळलेल्या मुलांनी जास्त खाल्ले. गंमत अशी, की पडद्यावर फळे पाहिलेली मुलेही फळांकडे वळली नाहीत, गोड खाऊच त्यांनी जास्त संपवला. ‘पौष्टिक पदार्थांचा गेम आहे, खेळू दे’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

याच्या उलट वाटेल असा एक प्रयोग अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला (२०१०). आपण एकेक करून ३० चॉकलेटच्या गोळ्या खात आहोत, अशी कल्पना ज्यांना करायला सांगितली, त्यांनी नंतर खऱ्या गोळ्या कमी खाल्ल्या. केवळ तीनच गोळ्यांची कल्पना केलेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. गोळ्या वाडग्यात टाकण्याची कल्पना करूनही इच्छा कमी झाली नाही. म्हणजे मनातल्या मनात चावून-गिळून मेंदू त्या चवीला सरावतो, नुसते मांडून नाही. गेममधला ओसेचीचा डबा तर फक्त मांडायचाच असतो.

मधुमेह असलेल्यांची अडचण याहून व्यवहाराची आहे. महालक्ष्म्यांसमोरची आरास दिवसभर डोळ्यांपुढे असते. अशा वेळी जेवणाची वेळ टाळू नये. उपाशीपोटी ताटांसमोर बसले, की हात आवरणे कठीण जाते. आणि फुलोरा उतरवल्यावर एक बघावे: तळलेल्या पापडीत पाण्याचा अंश जवळपास नसतो म्हणून ती टिकते, पण भाद्रपदाच्या दमट हवेत ओल्या नारळाची करंजी तशी टिकत नाही. मऊ पडलेली, आंबूस किंवा खवट वासाची करंजी प्रसाद म्हणूनही मुलांच्या हातावर ठेवू नये.