दातखिळीमागचं विष

कुणाची बोलती बंद झाली की ‘दातखीळ बसली’ असं आपण थट्टेनं म्हणतो. मुळात दातखीळ हे धनुर्वाताचं लक्षण. आधी जबडा मिटतो, मग पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. हे करणारं विष म्हणजे एक प्रथिन. ते बनवतो क्लॉस्ट्रिडियम टेटानी नावाचा जिवाणू; आणि गंमत अशी, की जिवंत असताना तो ते स्वतःजवळच ठेवतो.

घटसर्पाच्या जिवाणूचं तसं नाही. त्याच्या विषाच्या टोकाला अमिनो आम्लांची छोटी साखळी असते. ती ओळखून पेशीपटलातली यंत्रणा विषाला बाहेर काढते आणि साखळी छाटून टाकते. धनुर्वाताच्या विषाला असा परवाना मिळालेला नाही. ते आत साठत राहतं, आणि जिवाणू स्वतःच्याच विकरांनी फुटला की बाहेर सांडतं. त्यामुळे लस करणाऱ्यांनाही जिवाणू वाढवून ते फुटेपर्यंत काही दिवस थांबावं लागतं. मग द्रव गाळून त्यात फॉर्मलिन घालतात. विषाची नांगी मोडते, पण रूप बरंचसं तसंच राहतं. शरीर तेवढ्यावरून शत्रू ओळखायला शिकतं.

पुण्यात हा उद्योग आला घोड्यांमुळे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. घोड्याला हे विष बेताबेतानं टोचलं की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं. सायरस पूनावालांनी १९६६ साली हडपसरला स्वतःचीच संस्था काढली आणि सुरुवात धनुर्वाताच्या प्रतिविषानं केली. संस्थेच्या नावातला ‘सीरम’ म्हणजे गोठलेल्या रक्तावर उरणारा पिवळसर द्रव.

हे विष जखमेजवळच्या मज्जातंतूतून उलटं चढत मज्जारज्जूत पोचतं. तिथे स्नायूंना ‘पुरे’ सांगणारा संदेश सोडायला लागणारं एक प्रथिन ते कापतं. ब्रेक गेला, की स्नायू आखडलेलेच राहतात. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाची अडीचपट, एवढं विष प्राण घ्यायला पुरतं. इतक्या कणभर विषाची शरीराला नीट ओळखही पटत नाही. म्हणूनच धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस टोचावीच लागते.

नवजात बाळाला हा रोग होतो तो नाळेच्या जखमेतून. गरोदरपणी आईला लस टोचली, तर तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून बाळापर्यंत पोचतात. जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात तग धरून असतात, त्यामुळे देवीप्रमाणे हा रोग समूळ नाहीसा होणार नाही. २०१५ मध्ये भारतात नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.