परत आलेला चेक आणि अडलेला फोन

व्यापारी घराच्या कपाटातील एखादा खण उघडावा, तर त्यात दोन-तीन तरी जुने स्मार्टफोन निपचित पडलेले आढळतात. काच शाबूत असते, बॅटरीही कामापुरती टिकते. परंतु कंपनीने सुरक्षेची अद्यतने देणे कधीच थांबविलेले असते आणि एकेक अ‍ॅप ‘आपली अँड्रॉइड आवृत्ती जुनी आहे’ असे सांगून बंद पडू लागते. यंत्र धडधाकट, पण त्याचा कारभार पाहणारी प्रणाली निवृत्त, अशी ही अवस्था. अशा फोनवरील कंपनीची प्रणाली पुसून तेथे दुसरी, स्वयंसेवकांनी तयार केलेली प्रणाली बसविता येते, हे आता घरोघरची तरुण मुले जाणतात. परीक्षा आटोपल्या की प्रयोग सुरू होतो, आणि बहुधा रात्री उशिरा पडद्यावर लाल अक्षरांत त्रुटीची एक ओळ उमटते. त्या ओळीचे काय करावयाचे, याविषयी थोडे लिहीत आहे.

या उद्योगाचा पूर्वेतिहास व्यापाऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. स्टीव्ह कॉन्डिक नावाच्या अमेरिकी तरुणाने २००९ मध्ये ‘सायनोजेनमॉड’ ही प्रणाली हौसेने सुरू केली. पुढे तिच्या भोवती कंपनी उभी राहिली. २०१४ मध्ये त्या कंपनीने ‘वनप्लस’ या फोनसाठी आपली प्रणाली दिली होती. तथापि भारतापुरता अनन्य हक्क तिने मायक्रोमॅक्सला देऊन टाकला. एकच माल दोन आडत्यांना कबूल केल्यावर जे व्हायचे तेच झाले. प्रकरण डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्याच महिन्यात मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ शाखेने ८,९९९ रुपयांचा ‘युरेका’ फोन जाहीर केला आणि नव्या वर्षी तो बाजारात आला. दोन वर्षांत, डिसेंबर २०१६ मध्ये, सायनोजेन कंपनीने आपली सेवाच बंद केली. पेढी बसली, परंतु वही सर्वांसाठी खुली होती. म्हणून स्वयंसेवकांनी तीच वही पुढे चालू ठेवली. तिचे आजचे नाव ‘लिनिएजओएस’. बहुतेक मुले हीच प्रणाली, किंवा हिच्यापासून निघालेली एखादी, जुन्या फोनवर बसवू पाहतात.

बँकेत असताना परत आलेल्या चेकवरून संतापणारे खातेदार पुष्कळ पाहिले. चेकसोबत जोडलेली कारणाची चिठ्ठी मात्र फारच थोडे वाचत. ‘निधी अपुरा’, ‘स्वाक्षरी जुळत नाही’, ‘अक्षरी व अंकी रकमेत फरक’, ‘चेकची मुदत उलटली’ अशी प्रत्येक चिठ्ठी निराळी, आणि तिचा उपायही निराळा. स्वाक्षरी जुळत नसेल तर खात्यात कितीही पैसा भरला तरी तो चेक वटत नाही. फोनवरील त्रुटीची ओळ ही अशीच चिठ्ठी आहे. ती न वाचता तीच फाइल पाच वेळा पुन्हा चढविणारा तरुण आणि तोच चेक पुन्हा खिडकीवर सरकविणारा खातेदार यांत मला तरी फरक दिसत नाही.

पहिली अडवणूक दारातच होते. फोन सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा आणि पुढचा कारभार कोणाच्या हाती सोपवायचा हे ठरविणारा एक लहान प्रोग्राम असतो. त्यास बूटलोडर म्हणतात. पेढीच्या दारावरील पहारेकरी म्हणा ना. कंपनीने त्याला कुलूप घालून दिलेले असते. शाओमीने अनेक वर्षे असा नियम ठेवला होता, की फोन आपल्या खात्याशी जोडून १६८ तास, म्हणजे पूर्ण सात दिवस, थांबल्यावाचून कुलूप उघडणार नाही. मुले याला बिघाड समजतात. हा बिघाड नसून अट आहे, आणि अटीवर उपाय एकच, थांबणे. काही कंपन्या तर कुलूप उघडण्याची सोयच देत नाहीत. तेथे प्रयोगाचा विचार सोडलेला बरा. कुलूप उघडताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, हेही आधीच जाणून घ्यावे. चोराने कुलूप उघडून आतले वाचू नये, यासाठीच ती योजना आहे. तेव्हा फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपमधील उधारीचे हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घेणे आले.

संगणकावर ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ एवढीच ओळ येऊन सारे स्तब्ध झाले, तर दोष बहुधा फोनचा नसतो. बाजारातील कित्येक स्वस्त केबली केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, माहिती जात नाही. प्रथम केबल बदलावी, मग संगणकाचे भोक बदलावे, आणि तरीही जमले नाही तर फोन ओळखण्यासाठी लागणारा ड्रायव्हर संगणकात आहे काय ते पाहावे. येथे नागपूरकरांसाठी एक जादा सूचना: मे महिन्याच्या उन्हात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे काम बॅटरी असलेल्या लॅपटॉपवरच करावे. फाइल अर्धी लिहून झाली असता वीज गेली, तर फोन ना इकडचा ना तिकडचा अशा अवस्थेत पडतो.

यानंतर येतो तो सर्वांत प्रसिद्ध ‘एरर ७’. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की ही फाइल या फोनसाठी नाही. वरच्या ओळीत ते स्पष्ट लिहिलेलेही असते: ही फाइल अमुक यंत्रासाठी, हे यंत्र तमुक. गोंधळ होतो तो नावांच्या सारखेपणामुळे. रेडमी नोट ४ या एकाच नावाने दोन निरनिराळे फोन निघाले. भारतात जानेवारी २०१७ पासून विकला गेलेला फोन स्नॅपड्रॅगन चिपचा, त्याचे अंतर्गत नाव ‘मिडो’. दुसरा मीडियाटेक चिपचा, त्याचे अंतर्गत नाव ‘निकेल’. खोक्यावर नाव एकच, आत यंत्र वेगळे. एकाच नावाच्या दोन फर्मांचे चेक आपसांत बदलले तर जो अनर्थ होईल तोच येथे होतो. कधी नाव जुळते, पण फोनमधील कंपनीचे मूळ फर्मवेअर नव्या प्रणालीला हवे त्याहून जुने असते. तेव्हाही हीच अडवणूक होते, आणि आधी फर्मवेअर अद्ययावत करावे लागते.

या त्रुटीवर एक सोपा तोडगा सर्रास सांगितला जातो: फाइल उघडा, तिच्यातील तपासणीच्या ओळी खोडा आणि पुन्हा चढवा. माझ्या मते हा सल्ला घातक आहे. ‘स्वाक्षरी जुळत नाही’ हा शेरा फाडून टाकल्याने स्वाक्षरी जुळत नाही. तपासणी काढून टाकलेली परकी फाइल चढली म्हणजे फोन कायमचा मुका होण्याची शक्यता उभी राहते. शाओमीने २०१८ पासून, रेडमी नोट ५ प्रोच्या सुमारास, मागची आवृत्ती चढविण्यासही अटकाव घातला. तो डावलून कंपनीचे जुने सॉफ्टवेअर चढविलेले फोन असे बंद पडले, की कंपनीच्या अधिकृत परवानगीवाचून ते उघडेनात.

फाइल योग्य असूनही ती अपुरी उतरलेली असू शकते. प्रत्येक फाइलसोबत अंक-अक्षरांची एक लांब ओळ दिलेली असते. आपल्याकडे उतरलेल्या फाइलवरून संगणक तशीच ओळ काढून देतो. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. रोजमेळात एक रुपयाचा फरक आला तरी मुनीम वही मिटत नाही. तीच शिस्त येथे हवी.

‘फेल्ड टु माउंट डेटा’ ही ओळ दिसली, तर जुन्या प्रणालीने गूढ लिपीत बांधून ठेवलेला माहितीचा कप्पा नव्या प्रणालीला उघडता येत नाही, असे समजावे. येथे नुसते ‘वाइप’ पुरत नाही, कप्पा ‘फॉरमॅट’ करावा लागतो. गुगलच्या सेवा हव्या असल्यास त्या वेगळ्या चढवाव्या लागतात, आणि त्याही पहिल्यांदा फोन सुरू करण्यापूर्वी. प्रथम सुरू होताना फोन दहा-पंधरा मिनिटे केवळ चिन्ह फिरवीत बसू शकतो. तेवढा धीर धरावा. अर्धा तास उलटला तर मात्र कप्पा पुन्हा फॉरमॅट करून पाहावे.

आता ज्या त्रुटीची चिठ्ठी येतच नाही तिच्याकडे वळतो. कारण पैशाचा संबंध तिच्याशीच आहे. गांधीबागेतील एका परिचित कापड व्यापाऱ्याच्या मुलाने सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावरच्या फोनवर नवी प्रणाली बसविली. काम निर्दोष झाले, एकही लाल ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडले आणि पैसे जमा झाल्याची सूचना देणारे अ‍ॅप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून उघडेचना. भिंतीवरील क्यूआर बँक खात्याशी जोडलेला, त्यामुळे गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात जात होते. पण ते गेले की नाही हे गल्ल्यावर कळण्याचा मार्ग उरला नाही. आवाज देणारा डबा त्यांच्याकडे नव्हता. दुपारपर्यंत गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर दाखवील ती हिरवी खूण खरी मानून माल दिला गेला. अशी खोटी खूण दाखविणारी अ‍ॅप्स असतात, हे आपणांस सांगावयास नको. त्या दिवशी सुदैवाने मेळ बसला.

बँकांची अ‍ॅप्स फोनचा बूटलोडर उघडा आहे काय, प्रणाली प्रमाणित आहे काय, हे गुगलच्या तपासणीतून विचारून घेतात आणि उत्तर प्रतिकूल आल्यास नकार देऊ शकतात. हा नकार चुकविण्याच्या युक्त्याही प्रचलित आहेत. काही दिवस त्या चालतात, मग बंद पडतात. पण प्रश्न चालण्या न चालण्याचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार अनधिकृत ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित राहते. परंतु नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल तर बँकेला कळविण्याच्या क्षणापर्यंतचा सारा तोटा त्याचाच. अ‍ॅपपासून फोनची खरी स्थिती लपवून ठेवणाऱ्याने वादाच्या वेळी आपण सावध होतो असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्या फोनवर यूपीआय, बँक किंवा जीएसटीचा ओटीपी येतो, त्या फोनवर हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मुकी त्रुटी म्हणजे नेटवर्क जाणे. *#०६# दाबल्यावर आयएमईआय क्रमांकाच्या जागी शून्ये किंवा कोरी जागा दिसली, तर फोनची ओळख साठविणारा कप्पा बिघडला असे समजावे. म्हणूनच प्रयोगापूर्वी त्या कप्प्याची प्रत काढून संगणकावर जपून ठेवावी. ती असेल तर त्याच फोनवर ती परत घालता येते. शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात मला सांगण्यात आले, की थोडक्या पैशांत ‘नवा नंबर लिहून देतो’. यास कोणीही भुलू नये. आयएमईआयमध्ये फेरफार करणे २०१७ च्या नियमांनी वर्ज्य ठरविले, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

मग खणातला फोन काय कामाचा? सिम न घालता, घरच्या वायफायवर, तो उत्तम चालतो. गोदामातील मालाचे फोटो काढणे, आजीला प्रवचने ऐकविणे, मुलांचे वर्ग, भाव पाहणे, ही कामे त्यास सोपवावीत. सुरक्षेची नवी अद्यतने मिळत राहतात, मात्र कंपनीचे मूळ फर्मवेअर जुनेच राहते आणि कुलूप उघडे राहते, हे ध्यानात असावे. हे उघडे कुलूप पाहून एखाद्यास ते पुन्हा लावून टाकण्याचा मोह होतो. नवी प्रणाली आत असताना तसे केल्यास पहारेकरी तिला ओळखत नाही आणि फोन सुरूच होत नाही. कुलूप लावायचेच असेल तर आधी त्याच मॉडेलची, आपल्या देशाच्या आवृत्तीची कंपनीची मूळ प्रणाली परत बसवावी, फोन एकदा नीट सुरू झालेला पाहावा, आणि नंतरच लावावे. त्यासाठी लागणारी कंपनीची फाइल पहिल्याच दिवशी, प्रयोगापूर्वी, उतरवून ठेवलेली बरी.